दाराबाहेरचे वाचक: तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेकडे असलेल्या एका तालुक्याच्या गावातलं हे वाचनालय. गावाचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही. कार्यकारिणीने तशी अट घातली होती आणि ती रास्त होती. ज्या वाचकांशी बोलले त्यांचीही नावं गाळली आहेत. मी शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. या वाचनालयाच्या सचिवांनी मला बोलावलं ते एका अर्जामुळे.

अर्ज करणारी मुलगी तालुक्यापासून दहा-अकरा किलोमीटरवरच्या खेड्यातली. लहानपणी अपघातात पाय अधू झाला, तेव्हापासून कुबड्यांवर चालते. पदवी झालेली, तलाठी आणि जिल्हा परिषद भरतीची तयारी चाललेली. तिने कार्यकारिणीला लिहिलं होतं: ‘मी सभासद आहे, वर्गणी वेळेवर भरते. पण पुस्तकं वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या बाकावर. भाऊ वर जाऊन जे हाताला लागेल ते आणतो. कधी जुनी आवृत्ती येते, कधी भलताच विषय. मला स्वतः पुस्तक पाहून निवडायचं आहे.’

अर्ज सभेत वाचला गेला तेव्हा एक वाक्य निघालं, आणि ते मला नंतर वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळालं: ‘अशी ती एकटीच आहे. बाकी कोणाचीच तक्रार नाही.’ हे म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पगारासाठी वर्षातून दोनदा अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहणारी, पदरमोड करून वाचनालय टिकवणारी ही माणसं. पण हे प्रकरण उलगडलं ते याच वाक्यापाशी. तक्रार करण्यासाठी माणूस आधी दारापर्यंत पोहोचावा लागतो. जो पोहोचलाच नाही त्याची ना नोंद, ना तक्रार.

इमारत आणि तिच्यामागची कारणं

इमारत जुनी, विटांची. वरचा मजला नंतर चढवलेला. रस्त्यावरून आत यायला तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंचांच्या. आत शिरलं की मोठा हॉल, तिथे वर्तमानपत्रं आणि मासिकं. हॉलच्या डाव्या हाताला कार्यालय, मागे एक कुलूपबंद खोली. जिना अरुंद, मध्ये वळण, एकाच बाजूला कठडा आणि तोही वळणावर संपणारा. वर पुस्तकांची लोखंडी कपाटं, देवघेवीचं टेबल आणि अभ्यासिका.

पुस्तकं वर का गेली, हे विचारायला हवं होतं. अशा ठिकाणी लोक चटकन म्हणतात की कुणी विचारच केला नाही. इथे विचार झाला होता. पुस्तकं पूर्वी खालच्या मागच्या खोलीतच होती. एका पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरलं, पाठोपाठ वाळवी लागली आणि जुने अंक, चरित्रं, बरीचशी बालपुस्तकं खलास झाली. तेव्हाच्या ग्रंथपालांनी उरलेली पुस्तकं डोक्यावरून वर नेली. त्या रागातून मागची खोली रद्दीला दिली गेली, ती तशीच राहिली. आताच्या ग्रंथपालांना पुस्तकं खाली आणण्याची कल्पना ऐकूनच घाम फुटला, त्याचं कारण हे.

वरच्या मजल्याची दुसरी अडचण उन्हाची. विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, आणि स्लॅबखालची खोली दुपारी अकरापासून तापायला लागते. कूलर आहे, पण उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो, टाकीतलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवावं लागतं, आणि वीज गेली की कूलर नुसता डबा. अभ्यासिकेत बसणारी बरीचशी पोरं पहाटे येतात आणि अकराला निघतात. भरतीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत आल्या तर त्यांचा अर्धा दिवस वाया. म्हणजे वरचा मजला एकट्या कुबडीवाल्या मुलीला अवघड नव्हता, धडधाकट पोरांनाही तो चार महिने अर्धाच मिळत होता.

न येणाऱ्यांना कुठे शोधायचं

वाचनालयात बसून वाचकांना प्रश्नावली देण्याची पद्धत मला या कामासाठी निरुपयोगी वाटली. आत बसलेला माणूस जिना चढून, वेळ जुळवून, अनामत भरून आलेला असतो. त्याच्या अडचणी पंख्याच्या आणि खुर्चीच्या. म्हणून मी आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर आणि भरतीचे फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले आणि एवढंच विचारत गेले: इथलं वाचनालय माहीत आहे का, आणि जात नसाल तर का जात नाही?

पहिलं उत्तर बाजारातच मिळालं. वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, आणि गावचा बाजारही सोमवारी. आजूबाजूच्या खेड्यांतून माणूस तालुक्याला येतो तो त्याच दिवशी. बियाण्याची, कीटकनाशकाची चौकशी असो, बँकेचं काम असो, दवाखाना असो, सगळं बाजारच्या दिवशी उरकतो. तूर घेऊन आलेले एक शेतकरी म्हणाले, “बाजाराच्या दिवशी आलो का कुलूप दिसते. दुसऱ्या दिवशी कायले येऊ मी, तिकिटाचे पैसे लावून?” त्यांना शेतीची मासिकं वाचायची होती. वाचनालयात ती नियमित येतात, आणि बहुतेक न उघडताच गठ्ठ्यात बांधली जातात. सोमवारची सुट्टी कुणी मुद्दाम ठरवली नव्हती. कर्मचाऱ्यांना बाजार करायला सोमवार मोकळा हवा असे, एवढंच. पण त्यामुळे तालुक्यातली निम्म्याहून जास्त खेडी वाचनालयाच्या हिशेबातून बाहेर गेली होती, आणि हे कोणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

दुसरं उत्तर बायकांचं. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरीवर जाणाऱ्या बाया सकाळी जातात, संध्याकाळी परततात, त्यांच्यापुढे वेळेचाच प्रश्न. पण ज्यांना दुपारी सवड असते त्यांनीही पाठ फिरवलेली. एक जण म्हणाली, “तिथं सारे माणसंच बसून रायतात. त्याईच्या मधातून जा लागते.” जिन्याकडे जाण्याचा रस्ता वर्तमानपत्राच्या हॉलमधून, आणि हॉलमध्ये दिवसभर वीस-पंचवीस पुरुष. कोणी काही बोलत नाही, नुसतं मान वर करून पाहतात. तेवढं पुरतं.

आता मुलींचं सांगते, कारण या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलं ते हे. ग्रंथपालांच्या निरीक्षणात, 2023 च्या मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून खेड्यांतल्या मुली अभ्यासिकेत जास्त येऊ लागल्या. तरीही दुपारी अभ्यासिका पाहिली तर काही मुलगे बसलेले आणि मुलींच्या खुर्च्या मात्र सगळ्या रिकाम्या. मी समजत होते, उकाडा. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एका मुलीने खालच्या आवाजात सांगितलं, “अकरा वाजले का निघा लागते मॅडम. सकाळपासून पाणीच पीत नाही मी. पाणी पिलं त जाचं कुठं?” वाचनालयाला शौचालय आहे. इमारतीच्या मागे, रीतसर बांधलेलं, पाण्याची टाकी असलेलं. त्याला कुलूप होतं, कारण आत सार्वजनिक उत्सवाचं सामान ठेवलेलं: बांबू, पताका, लाऊडस्पीकरचे भोंगे. किल्ली शिपायाकडे, शिपाई अर्धवेळ. मुलगे जवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन येत. मुली तहान मारून बसत. पंचेचाळीस अंशांच्या गावात पाणी न पिता गणिताचे पेपर सोडवणाऱ्या मुली, आणि वार्षिक अहवालात ‘शौचालय: आहे’.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. सभासद व्हायला जुन्या सभासदाची जामीन म्हणून सही लागत होती. गावातल्या माणसाला ती सहज मिळते, पण खेड्यावरच्या, त्यातही कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, पोराने कोणाची आणायची? आणि अनामत एकरकमी. पुस्तकं हरवतात ही भीती खोटी नाही, पण ती भीती घालवायचे इतर मार्ग होते, आणि पुढे ते सापडलेही.

कायदा काय म्हणतो

सभेत एक मुद्दा निघाला की आमची संस्था सरकारी नाही, त्यामुळे हे नियम आम्हाला कसे लागतील? महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं अशीच आहेत: 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता घेतलेल्या, अनुदानावर चालणाऱ्या नोंदणीकृत संस्था. पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे सरकारी किंवा खाजगी, जिचा वापर सर्वसामान्य लोक करतात अशी कोणतीही इमारत. मालकी कोणाची हा प्रश्नच तिथे नाही. अस्तित्वात असलेल्या इमारती सुगम करण्यासाठी नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. पुढे 2024 च्या नोव्हेंबरमध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही मानकं बंधनकारकच हवीत.

मी हे सभेत वाचून दाखवलं, पण त्यावर जोर दिला नाही. कायद्याच्या धाकाने बांधलेला उतार कसा होईल याची चुणूक मला दारातच दिसत होती: तिथे घाईने केलेला एक उतार होता, त्याबद्दल पुढे सांगते.

त्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते अनुदानाचं गणित. ग्रंथालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं-नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास अशा निकषांवर. ‘ड’ वर्गाला वर्षाकाठी 30 हजार रुपये मिळत, 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तरी ग्रंथपालाच्या हातात काय पडत असेल याचा अंदाज कोणालाही यावा. त्यात ग्रंथालयांच्या 2012 च्या राज्यभर पडताळणीनंतर कित्येक वर्षं नव्या मान्यता आणि वर्गवाढ थांबलेली. हे वाचनालय ‘ब’ वर्गातलं. तपासणीच्या दिवशी इथे जे मोजलं जातं ते सगळं चोख आहे: दाखल नोंदवही, सह्यांचं रजिस्टर, पावत्या. वर्षानुवर्षं जे मोजायचं तेच नीट ठेवायची सवय लागते, आणि जे मोजलं जात नाही तिकडे पाहायला ना माणूस उरतो ना पैसा. मी दोष कोणाच्या डोक्यावर मारत नाही, पण ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे 1931 चे पाच सिद्धान्त पाठ करून घेतो आपण, त्यातला दुसराच ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ असा आहे. त्यातला ‘प्रत्येक’ कोण, याची नोंद ठेवायला मात्र एकही वही नाही.

पहिला उतार

मुलीचा अर्ज आल्यावर, मी जाण्याआधीच, कार्यकारिणीने समोर उतार करून घेतला होता. तत्परता खरी होती. पण पायऱ्यांची एकूण उंची दीड फूट, आणि दारापासून नालीपर्यंत जागा सात फूट. त्या सात फुटांत दीड फूट चढवलेला तो उतार, वर गुळगुळीत चकचकीत फरशी. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही घसरला असता. पायऱ्यांची अर्धी रुंदीही त्यातच गेली. त्याचा उपयोग होत होता तो मोटारसायकली वऱ्हांड्यात चढवायला.

अर्ज करणारी मुलगी त्यावरून चढलीच नाही. उरलेल्या अर्ध्या पायरीवरून, भिंतीला धरून आली. मी विचारलं तर म्हणाली, “कुबडी उतारावर टेकत नाही मॅडम, सरकते. मले पायरी चालते, धराले काही पाहिजे फक्त.” ही गोष्ट आराखडे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. चाकाच्या खुर्चीला उतार लागतो. कुबडीवर चालणाऱ्याला, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला पुष्कळदा कमी उंचीची पायरी आणि दोन्ही बाजूंनी मजबूत कठडा जास्त सोयीचा. एक देऊन दुसरं काढून घेतलं की सोय झाली असं होत नाही.

मानक सांगतं की उतार 1:12 हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. समोर तेवढी जागा नव्हती, कधी होणारही नव्हती. म्हणून सगळी नजर इमारतीच्या बाजूच्या बोळाकडे गेली. बोळातली भिंत तीस फुटांच्या वर, आणि त्या भिंतीत मागच्या खोलीचं बुजवलेलं एक दार.

मागची खोली

इथून पुढची सभा लांबली. वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांच्या कानावर गेलं होतं की खालचा हॉल अभ्यासिकेला देणार आणि त्यांना वर पाठवणार. निवृत्त शिक्षक, जुने पोस्टातले कर्मचारी, शेती पोरांच्या हवाली केलेली माणसं, सगळे सभेला आले. एका काकाजींनी सरळ विचारलं, “त्या पोरीले जिना चढवत नाही, मग आमाले चढवते का?” त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांचे गुडघे गेलेले, काहींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि हा हॉल त्यांना दिवसातून एकदा माणसात आणणारी एकमेव जागा. एका वाचकाची वाट दुसऱ्याच्या अंगावरून काढायची नाही, एवढं त्या दिवशी ठरलं आणि पुढचे निर्णय सोपे झाले.

हॉल जसाच्या तसा ठेवला. मागच्या खोलीतली रद्दी विकली. जमिनीत आणि भिंतीच्या कडेने वाळवीचं औषध भरून घेतलं, बाहेरचं पाणी वळवायला बोळात सिमेंटची पन्हळ काढली, आणि कपाटं जमिनीपासून नऊ इंच उंच लोखंडी घोड्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवली. ग्रंथपालांची भीती अनुभवाची होती, त्यामुळे औषध भरताना त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि एक पावसाळा नुसती रिकामी कपाटं ठेवून पाहण्याचा त्यांचा आग्रहही मानला. काम त्यामुळे लांबलं. माझ्या मते ते लांबणं आवश्यक होतं.

बुजवलेलं दार उघडलं, चौकट साडेतीन फुटांची केली. आणि तिथे देवघेवीचं टेबल आणलं. हा यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. बाजूचं दार फक्त दिव्यांगांसाठी केलं असतं तर ते मागचं दार झालं असतं, कुलूप लागलं असतं, आणि येणाऱ्याला प्रत्येक वेळी हाक मारून उघडून घ्यावं लागलं असतं. देवघेव तिथे आल्याने प्रत्येक वाचकाला, कार्यकारिणीच्या अध्यक्षांनाही, त्याच दारातून यावं लागतं. पुस्तक बदलायला आलेल्या बाईला पुरुषांच्या हॉलमधून जावं लागत नाही. एका दाराने दोन अडचणी सुटल्या.

उतार बांधणाऱ्या मिस्त्रींना अठरा फूट ही लांबी पटेना. त्यांनी आजवर केलेले उतार बैलगाडी, मोटारसायकल चढवायचे. “एवढा लांब कायले? माणूसच चढाचा आहे ना?” शेवटी ग्रामीण रुग्णालयातून चाकाची खुर्ची मागून आणली. मिस्त्रींना खुर्चीत बसवलं आणि समोरच्या जुन्या उतारावरून स्वतःच्या हातांनी चाकं फिरवून चढायला सांगितलं. खुर्ची दोन हात वर गेली आणि मागे कलंडायला लागली, दोघांनी धरली. त्यानंतर मिस्त्रींनी स्वतःच दोरी लावून अठरा फूट मोजले. वर दाराशी पाच फुटांचा सपाट ओटा सोडायला लावला तोही त्यांनीच, कारण दार उघडताना खुर्ची उभी कुठे राहील हे आता त्यांना कळत होतं. फरशी नाही, ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढलेल्या. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, पाईप हाताच्या मुठीत मावेल एवढाच. समोरचा चकचकीत उतार फोडून पायऱ्या पुन्हा पूर्ण रुंदीच्या केल्या, आणि त्यांनाही दोन्हीकडून कठडे.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते. वरच्या मजल्याची फरशी बदलायला जमवलेले पैसे इकडे वळवले, रद्दीचे आले ते घातले, बाकी गावातून वर्गणी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्या निधीसाठीही अर्ज केला आहे, निर्णय व्हायचा आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनही अशा कामांना मदत मिळते. ती मागायची तर कागदपत्रं आधीपासून जुळवायला लागतात, आणि ते काम आता सुरू झालं आहे.

शौचालय मात्र एका दिवसात मोकळं झालं. उत्सव मंडळाच्या पोरांना बोलावून ग्रंथपालांनी कारण सांगितलं, पोरांनी त्याच संध्याकाळी सामान हलवलं. त्यांच्यातल्याच कोणाची बहीण अभ्यासिकेत बसत होती. किल्ली आता देवघेवीच्या टेबलाशेजारी खिळ्याला असते, मागावी लागत नाही.

डोळ्यांनी न वाचणारा वाचक

काम चालू असताना एक अंध विद्यार्थी विचारायला आला. तालुक्याच्या महाविद्यालयात कला शाखेला. त्याने बातमी ऐकली होती की वाचनालय अपंगांसाठी काही करत आहे. उताराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पांढरी काठी घेऊन तो जिना कोणाहीपेक्षा सराईतपणे चढतो. त्याचा प्रश्न पुस्तकाच्या आत होता.

मोबाईलमधलं टॉकबॅक त्याला मराठी वाचून दाखवतं. पण मित्र पाठवतात त्या नोट्सच्या पीडीएफ बहुतेक फोटो काढून केलेल्या; फोटोत अक्षर नसतं, चित्र असतं, मोबाईल गप्प बसतो. काही नोट्स टाइप केलेल्या असतात, पण जुन्या कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये. डोळ्यांना देवनागरी दिसते, यंत्राला आत इंग्रजी अक्षरांचा काला ऐकू येतो. त्याने मला ते लावून दाखवलं. राज्यघटनेच्या कलमांच्या जागी निरर्थक अक्षरांची सरबत्ती. आपण ‘नोट्स दिल्या’ म्हणतो तेव्हा त्याला हे मिळत असतं.

वाचनालयाकडे योजनेतून आलेला संगणक होता, प्लास्टिकच्या कव्हरखाली. त्यावर एनव्हीडीए हे फुकट मिळणारं वाचक सॉफ्टवेअर बसवलं. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात, बदलायचं आणि फोटोतली अक्षरं ओळखून घ्यायचं काम अभ्यासिकेतल्या दोन मुलांनी अंगावर घेतलं. अक्षरओळख जोडाक्षरांत चुकते, म्हणून एक जण वाचतो आणि दुसरा दुरुस्त करतो. दोघांचाही विषय त्यात पक्का होतो. दिव्यांग वाचकासाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला 2012 च्या दुरुस्तीनंतरचा आपला कॉपीराइट कायदा परवानगी देतो. ही माहिती ग्रंथपालांनाही नवी होती, आणि चोरी होत असल्याची त्यांची धास्ती त्यामुळे गेली. 2016 पासून चालू असलेल्या सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व त्याला मिळवून दिलं. मराठी पुस्तकं तिथे त्याला हवी तितकी नाहीत, पण सुरुवात झाली.

याच निमित्ताने हॉलमधल्या मोतीबिंदूवाल्या काकाजींसाठी भिंग बसवलेला दिवा आला. त्याच्यासाठी आता रोज सकाळी नंबर लागतात.

आज काय स्थिती आहे

साप्ताहिक सुट्टी बुधवारी नेली, तसा ठराव करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना कळवला. सोमवारी पिशव्या ठेवायला दाराशी बाक टाकला आहे, कारण बाजार केलेला माणूस भाजीची पिशवी घेऊन आत यायला बुजतो. जामीनदाराऐवजी आता आधारची प्रत आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं किंवा सरपंचांचं ओळखीचं पत्र चालतं, अनामत तीन हप्त्यांत. पुस्तकं जास्त हरवायला लागली असं ग्रंथपालांना दिसलेलं नाही.

मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची, शेतीची आणि नव्याने घेतलेली बालपुस्तकं आहेत, मुक्तद्वार पद्धतीने, म्हणजे वाचकाने स्वतः हाताळून निवडायची. चार टेबलं अभ्यासाला. अर्ज करणारी मुलगी पहिल्या दिवशी आली तेव्हा मी तिथे होते. तिने अर्थशास्त्राची पाच पुस्तकं काढली, टेबलावर ओळीने ठेवली, प्रत्येकाची अनुक्रमणिका आणि छपाईचं साल पाहिलं, चार परत कपाटात ठेवली आणि एक घेऊन बसली. भावाला तिने घरी पाठवून दिलं होतं.

जे झालेलं नाही तेही लिहायला हवं. कथा, कादंबऱ्या, चरित्रं, संदर्भग्रंथ, म्हणजे संग्रहाचा मोठा भाग, अजून वरच आहे. खाली बसून यादी पाहून मागवता येतं, पण यादी बारीक अक्षरांत आणि जुनी. कोलाम पोडावरच्या मुलांपर्यंत वाचनालय पोहोचलेलं नाही. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी महिन्याला एक पेटी न्यायला तयार आहेत, पेटीत काय घालायचं हा खरा प्रश्न आहे, कारण घरी कोलामी बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला मराठीचं पुस्तकही परकंच असतं. मजुरी करणाऱ्या बायांसाठी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवायचं तर ग्रंथपालांना आणखी तास बसावं लागेल, आणि आहे त्या तासांचं मानधनही त्यांना वेळेवर मिळत नाही. हे त्यांच्या चांगुलपणावर ढकलायला मी कार्यकारिणीला स्पष्ट नकार दिला.

शौचालय रोज कोणी साफ करायचं आणि त्याचे पैसे कुठून द्यायचे, यावर मतभेद आहेत. सध्या अभ्यासिकेची फी थोडी वाढवून भागवतात, पण ती वाढ खेड्यांतल्या मुलींनाच जड जाते. मुलींना फी माफ करावी आणि खर्च संस्थेच्या निधीतून करावा असा प्रस्ताव ग्रंथपालांनी मांडला आहे. तो आणि वरच्या संग्रहाची मोठ्या अक्षरांतली नवी यादी, हे दोन विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहेत. त्या सभेची सूचना या वेळी पहिल्यांदाच बाजारात आणि एसटी स्टँडवरही लावली आहे, आणि सभा सोमवारी ठेवली आहे.